छोटेपण स्क्रीनमध्ये घ्या, कीबोर्डमध्ये नको

प्रश्न लातूरच्या एका लेखिकेचा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर त्या दीर्घ लेखन करतात. महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर जातात: कधी एसटी, कधी रात्रीची मुंबईची गाडी, कधी उसाच्या फडावर कुणाच्या तरी कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत मुक्काम. सध्याचा लॅपटॉप १५.६ इंची आहे, चार्जरसकट अडीच किलोच्या वर जातो, म्हणून तो बहुतेक वेळा घरीच राहतो आणि नोंदी वहीत पडून राहतात. टायपिंग इनस्क्रिप्टने, म्हणजे प्रत्येक बटणावर थेट देवनागरी अक्षर असलेल्या मांडणीने. बजेट ३५ हजार. त्या विचारतात, १२-१३ इंची लॅपटॉप घेतला तर लिखाणाचे हाल होतील का, तोच एक लॅपटॉप घरीही पुरेल का, आणि प्रवासात चार्जिंगचं काय करायचं. शेवटी एक वेगळाच प्रश्न आहे, त्याकडे शेवटीच येतो.

मी २००९ पासून छोट्या लॅपटॉपवरच लिहितो. अनुवाद, दिवाळी अंकांचे लेख, आषाढी वारीतली वार्तापत्रं, सगळं त्याच्यावर. या काळात चार लॅपटॉप झाले. त्यातला एक चुकलेला होता, आणि त्या चुकीनेच मला सगळ्यात जास्त शिकवलं.

तर उत्तर आधी सांगतो. घ्या, जरूर घ्या. वजन निम्मं झालं की लॅपटॉप रोज पिशवीत जातो, आणि पिशवीत असलेल्या लॅपटॉपवरच लिखाण होतं. पण छोटेपण स्क्रीनमध्ये घ्या, कीबोर्डमध्ये घेऊ नका. स्क्रीन लहान असली तर डोळे आठवड्याभरात जुळवून घेतात. बटणं लहान किंवा सरकलेली असली तर बोटं वर्षभरानेही जुळवून घेत नाहीत.

इनस्क्रिप्टने लिहिणाऱ्याला हे इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा दुप्पट लागू आहे. लॅपटॉपची परीक्षणं करणारे बहुतेक जण इंग्रजीत टाइप करतात, त्यामुळे ही गोष्ट कुणी सांगत नाही. कीबोर्डची उजवी कड बघा. इंग्रजीत तिथे विरामचिन्हं आहेत: सेमिकोलन, अवतरणचिन्ह, चौकटी कंस, तिरकी रेघ. इंग्रजी लिहिणाऱ्याचं बोट तिथे क्वचित जातं, म्हणून जागा कमी पडली की बनवणारे पहिली कात्री तिथेच लावतात. इनस्क्रिप्टमध्ये मात्र त्या कडेला आपली रोजची अक्षरं बसली आहेत. सेमिकोलनवर च, अवतरणचिन्हावर ट, सुरुवातीच्या चौकटी कंसावर ड, तिरक्या रेघेवर य, आणि त्यांच्या शेजारी पी या बटणावर ज. शिफ्ट धरली की त्याच बटणांवर छ, ठ, ढ, झ. उलट्या तिरक्या रेघेवर 'ॉ', म्हणजे डॉक्टर आणि कॉलेज. ही सगळी बटणं एकट्या उजव्या करंगळीची. 'त्यांच्या' एवढा एक शब्द टाइप करून बघा. य दोनदा, च एकदा, तिन्ही वेळा करंगळी. चा-ची-चे-च्या वाचून मराठीत पान पुढे सरकत नाही, तेव्हा हा भार किती आहे याची कल्पना येईल.

दुसरी गोष्ट शिफ्टची. इनस्क्रिप्टमध्ये अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ओ हे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, म्हणजे शिफ्ट उजवीकडची लागते. ण सुद्धा तसाच. 'आणि' या शब्दाला उजवी शिफ्ट दोनदा, 'आहे' ला एकदा. हे दोन शब्द पानावर किती वेळा येतात ते तुम्हीच मोजा. डावीकडच्या शिफ्टवर ख, घ, थ, ध, फ, भ, श, ळ अवलंबून. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला एकदा लागते, मराठीत दर दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला. छोट्या कीबोर्डवर सगळ्यात आधी आखूड होतात त्या या दोन शिफ्टच.

माझा पहिला छोटा लॅपटॉप १० इंची नेटबुक होता. त्यावर वर जाणारा बाण तिरकी रेघ आणि उजवी शिफ्ट यांच्या मधोमध बसवलेला होता. य दाबून करंगळी शिफ्टकडे वळली की वाटेत तो बाण दाबला जायचा. कर्सर वरच्या ओळीत जायचा आणि पुढचे दोन-तीन शब्द त्या ओळीच्या पोटात उमटायचे. नजर कागदावरच्या मूळ मजकुरावर असल्यामुळे मला ते दिसायचं नाही. एका कादंबरीच्या अनुवादात अशी अनाथ वाक्यं मुद्रितशोधनात सापडली, काही तर पुस्तक छापायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात. त्या महिन्यात प्रत्येक ओळ मुळाशी ताडून बघावी लागली. बाणाचं ते बटण मी नंतर उपसून काढलं होतं, पण बोटांच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही. मी सावकाश टाइप करू लागलो आणि त्याबरोबर विचारही सावकाश झाला.

प्रवासी लिखाणाच्या यंत्रांचा इतिहासही हेच सांगतो. १९८३ मध्ये टँडी कंपनीचं मॉडेल १०० आलं. स्क्रीनवर ४० अक्षरांच्या फक्त ८ ओळी, आत चार पेन्सिल सेल, आणि त्यावर सुमारे वीस तास काम. तरीही अमेरिकेतल्या बातमीदारांनी ते वर्षानुवर्षं वापरलं, टेलिफोनच्या तारेवरून बातम्या पाठवल्या, कारण त्याचा कीबोर्ड पूर्ण आकाराचा होता. २००७ मध्ये आसुसचा ईई पीसी आला. ७ इंची स्क्रीन, वजन किलोच्या आत, किंमत थोडी. लाट मोठी आली. मग स्क्रीन ९ इंची झाली, १० इंची झाली, आणि २०१२ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी नेटबुक हा प्रकारच गुंडाळला. टॅब्लेट आले हे त्याचं एक कारण. माझ्या मते दुसरं कारण असं, की त्या यंत्रांवर वाचणं जमत होतं, पण लिहिणं अंगवळणी पडत नव्हतं.

म्हणून दुकानात जाताना पट्टी घेऊन जा. खरंच सांगतो, शाळेतली साधी फूटपट्टी. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. क्यू च्या डाव्या कडेपासून पी च्या डाव्या कडेपर्यंत मोजा, १७१ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. १६५ च्या खाली आलं तर सोडून द्या. मग पी च्या उजवीकडची बटणं बघा, ती बाकीच्यांएवढीच रुंद आहेत की बारीक केली आहेत? ११.६ इंचीत हे गणित क्वचित जुळतं, १२.५ इंचीत बहुधा जुळतं, १३.३ ला काही अडचण राहत नाही. मग मराठी कीबोर्ड चालू करायला सांगा आणि हे वाक्य न बघता पाच वेळा टाइप करा: 'आजीच्या झोपडीजवळ डॉक्टरांची गाडी आली आणि टेकडीवरची चढण चढताच थांबली.' करंगळीची जवळजवळ सगळी बटणं आणि दोन्ही शिफ्ट यात येतात. पाचव्या वेळीही त्याच जागी चूक होत असेल तर ती चूक तुमची नाही, कीबोर्डची आहे.

जुन्या बाजारात आणखी एक गोष्ट आडवी येते. तिथले बरेच लॅपटॉप परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांतून आलेले असतात, आणि त्यांपैकी काहींचा कीबोर्ड ब्रिटिश किंवा युरोपीय मांडणीचा असतो. खूण सोपी आहे: एंटर उभं आणि दोन ओळींत पसरलेलं, डावी शिफ्ट निम्मी, आणि ती व झेड यांच्यामध्ये एक जादा बटण. ख, घ, थ, ध, भ साठी डावी करंगळी सवयीने जिथे पडते तिथे आता ते जादा बटण असतं. आडव्या एंटरचा, लांब डाव्या शिफ्टचा कीबोर्डच मागा. दुकानदार बदलून देतात, विचारायचं लक्षात ठेवलं तर.

तुम्ही उच्चारानुसार टाइप करत असतात, म्हणजे रोमन अक्षरं मारून देवनागरी, तर उजव्या कडेचा इतका प्रश्न आला नसता. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो, इंटरनेट लागत नाही. पण इनस्क्रिप्ट सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. एकदा हातात बसलं की त्याच्याइतकं सरळ दुसरं काही नाही: जे अक्षर मनात, तेच बोटात.

टॅब्लेट आणि वेगळा कीबोर्ड हा पर्याय तुम्ही लिहिला आहे. टेबल असेल तिथे तो चालतो. मांडीवर, बसच्या सीटवर, कोपीतल्या सतरंजीवर तो लुळा पडतो, कारण स्क्रीनला धरून ठेवणारी बिजागरी नसते. तुमचं लिखाण ज्या जागांवर होतं त्या जागा बघता मी तो घेणार नाही.

आता स्क्रीन. देवनागरीला रोमनपेक्षा उंची जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवावं लागतं. म्हणून रुंदी कमी पडत नाही, उंची कमी पडते. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या स्क्रीनवर, वरच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार जाऊन, माझ्या वापरातल्या अक्षराच्या आकारात पंधरा-सोळा ओळी दिसायच्या. १९२० बाय १०८० असलेली स्क्रीन घ्या. १२.५ इंचावर सेटिंगमध्ये अक्षरं दीडपट (१५० टक्के) मोठी करून वापरायची. ओळी वाढत नाहीत, पण अक्षर इतकं रेखीव दिसतं की 'दऱ्या' मधला ऱ्य आणि 'सूर्य' मधला र्य डोळे बारीक न करता वेगळे कळतात. टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा, लिहिताना फाइल पूर्ण स्क्रीनभर उघडा. फाँट म्हणाल तर मी 'मुक्त' नावाचा वापरतो, तो मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट मिळतो आणि लहान आकारातही गिचमिड होत नाही. कागदपत्राची भाषा मराठी अशी नोंदवून ठेवा. काही फाँट त्यावरून ल आणि श हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे दाखवतात. दिवसभर पाहायचं अक्षर आपल्या घरचं असावं.

यंत्र कोणतं, यावर फार वेळ घालवत नाही. ३५ हजारांत नवा घ्याल तर कीबोर्ड आणि बांधणी दोन्हींत तडजोड होईल. त्यापेक्षा कंपन्यांसाठी बनवलेल्या मालिकेतला, काही वर्षं वापरलेला, तपासून विकायला ठेवलेला लॅपटॉप घ्या. लेनोवोच्या थिंकपॅडमधला एक्स २८०, डेलचा लॅटिट्यूड ७२९०, एचपीचा एलिटबुक ८३० जी ५ यांच्याकडे बघा. पहिले दोन १२.५ इंची, तिसरा १३.३ इंची. यांपेक्षा एक पिढी जुना एक्स २७० मला मनापासून आवडतो, कारण त्याची मागची बॅटरी काढून दुसरी लावता येते आणि आतली छोटी बॅटरी तेवढ्यापुरता लॅपटॉप जागा ठेवते. पण त्यात इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर आहेत. विंडोज ११ ला आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चालवायची तयारी असेल तर एक्स २७० खुशाल घ्या, लिनक्सवर इनस्क्रिप्ट उत्तम चालतं. नसेल तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. रॅम ८ जीबी पुरते, पण एक्स २८० मध्ये ती मदरबोर्डला डाखलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून त्यात मिळाली तर १६ ची घ्या. असे लॅपटॉप बघायला मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर. लातूरहून जाणं होतच असेल तर एक दुपार राखून ठेवा. ऑनलाइन मागवू नका. कीबोर्ड हाताखाली घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅटरी तपासायची पद्धत आहे. विंडोजमध्ये कमांड चालवून बॅटरीचा अहवाल काढता येतो, दुकानदाराला 'बॅटरी रिपोर्ट काढून द्या' म्हणा. त्यात दोन आकडे बघायचे: मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. समजा मूळ ४८ वॉट-तास आणि आता ३३. मजकूर लिहिताना, वायफाय बंद आणि उजेड निम्मा ठेवून, असा लॅपटॉप तासाला सहा वॉट-तासांच्या आसपास खातो. म्हणजे साडेपाच तास. चालेल. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी बसवण्याचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. लॅपटॉप सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का तेही बघा, टचपॅड एका बाजूने वर आला आहे का ते बघा. आलेला असेल तर आत बॅटरी फुगली आहे, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

चार्जिंग यूएसबी टाइप-सी ने होणारा लॅपटॉपच घ्या, हे मी कीबोर्डखालोखाल महत्त्वाचं मानतो. जुना चार्जर, त्याची ती वीट आणि जाडजूड वायर, हे सगळं घरी राहतं. मुठीत मावणारा ६५ वॉटचा एकच चार्जर फोनलाही चालतो आणि लॅपटॉपलाही. शिवाय पॉवर बँकेवर लॅपटॉप चालतो. मात्र पॉवर बँक पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेली आणि टाइप-सी मधून निदान ४५ वॉट देणारी हवी. नेहमीची फोनची पॉवर बँक ५ व्होल्टची, ती लॅपटॉपला पुरत नाही. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, त्यातले जाता-जाता वाया जाणारे सोडून साठच्या घरात हाती लागतात. तुमचा लॅपटॉप एकदा पूर्ण भरून आणखी थोडी उरेल. विमानात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही, आणि १०० वॉट-तासांची मर्यादा आहे. ७४ त्यात बसते.

रेल्वेत डब्यातल्या सॉकेटला बहुतेक ठिकाणी ११० व्होल्टचा पुरवठा असतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे बिघडत काही नाही. पण २०२१ पासून रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेट बंद ठेवण्याचा नियम आहे, आगीच्या भीतीने. तुमची गाडी रात्रीचीच आहे. म्हणून गाडीत चार्ज करू असं मनात धरून निघू नका, निघतानाच भरून निघा. स्लीपरमध्ये सॉकेट ढिली असतात, पिन गळून पडते. चार्जर छोटा आणि हलका असला की टिकून राहतो, हाही त्याचा फायदा. वरच्या बर्थवर बसून टाइप करता येत नाही, डोकं छताला लागतं. आडवं होऊन, गुडघे वर घेऊन, मांडीवर लॅपटॉप ठेवला की जमतं, आणि हे १२ इंचीतच जमतं. बाजूचा खालचा बर्थ मिळाला तर त्यासारखी जागा नाही: पाठ टेकलेली, पाय लांब, शेजारी खिडकी.

एसटीत टाइप करायचा प्रयत्न करू नका. मी केला आहे. डोळे दुखतात, मळमळतं, आणि हिंगोलीपासून परभणीपर्यंत हाताशी आलेली दोन पानं नंतर पुसावी लागतात. एसटी ही वाचलेलं मनात घोळवायची जागा. लॅपटॉप वरच्या रॅकवर ठेवू नका. पावसाळ्यात खिडकीच्या फटीतून आणि छताच्या सांध्यातून पाणी येतं, रॅकवरची पिशवी कधी भिजली ते उतरेपर्यंत कळत नाही. पिशवी मांडीवर, लॅपटॉप पिशवीच्या आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड दुमडून खाली. पिशवी कितीही 'वॉटरप्रूफ' लिहिलेली असो, आतली प्लॅस्टिकची सोडू नका.

वारीतली एक रात्र सांगतो, म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल. वाल्ह्याचा मुक्काम. संध्याकाळी सर येऊन गेली होती. आमच्या दिंडीला शाळेचा व्हरांडा मिळाला होता. एका कोपऱ्यात एकाच बोर्डावर पंधरा-वीस फोन लटकलेले, त्यात लॅपटॉपची पिन घालायला मला संकोच वाटला, पॉवर बँकेवर भागवलं. दिंडीतल्या एका मावशींनी दिवसभर चालताना त्यांच्या सासूची ओवी सांगितली होती, ती विसरायच्या आत मला उतरवायची होती. पाठीला पडशी, मांडीवर लॅपटॉप. उघडला आणि दोन मिनिटांत पांढऱ्या स्क्रीनवर पहिल्या पावसानंतरचे पंखवाले किडे येऊन आदळायला लागले. पंख बटणांच्या फटीत. मी पानाचा रंग काळा केला, अक्षरं मंद पिवळी, उजेड खाली. किडे व्हरांड्यातल्या बल्बकडे गेले. मावशी शेजारी येऊन बसल्या, म्हणाल्या, 'वाचून दाखव.' मी वाचली. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला, मी 'माहेरा' लिहिलं होतं, त्या 'म्हायेरा' म्हणाल्या होत्या. तिथल्या तिथे बदलला. १५ इंची लॅपटॉप त्या गर्दीत मी उघडलाच नसता, तो पडशीतही नसता, आणि ती ओवी आज माझ्याकडे चुकीची असती. तुम्ही ज्यांच्यावर लिहिता त्या बायकांना त्यांचं बोलणं त्याच रात्री वाचून दाखवता आलं, तर वहीत पडून राहिलेल्या नोंदींपेक्षा कितीतरी वेगळं लिखाण हाती येईल, याची मला खात्री आहे.

काळं पान, पिवळं अक्षर ही मांडणी एकदा करून ठेवा. कोपीत रात्री शेजारी लेकरं झोपलेली असतात, त्यांच्या डोळ्यांवर उजेड पडत नाही.

फडावरची धूळ आणि उसाची कूस बटणांत जाते. काम झालं की लगेच झाकण बंद करा, आठवड्यातून एकदा लॅपटॉप उलटा धरून मऊ ब्रशने झटका. ऊन मात्र धुळीपेक्षा वाईट. उभ्या गाडीत काचेखाली लॅपटॉप ठेवू नका, बॅटरीचं आयुष्य उष्णतेने घटतं. घरी दिवसभर चार्जरला लावून ठेवणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग या तिन्ही लॅपटॉपमध्ये बघून घ्या, आणि निघायच्या आदल्या रात्री ती काढून पूर्ण भरा.

फिरतीतल्या लॅपटॉपचं काहीही होऊ शकतं हे धरूनच चाला. रोज रात्री त्या दिवसाची फाइल पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत नको, अंगावर. मी गळ्यातल्या दोरीत ठेवतो. रेंज मिळेल तेव्हा स्वतःलाच ईमेल करा. आणि डिस्क एनक्रिप्ट करून ठेवा, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला काही वाचता येणार नाही. मुकादमाची उचल, अंगावरचं कर्ज, गर्भाशय काढल्याच्या गोष्टी, हे बायका तुम्हाला विश्वासाने सांगतात. लॅपटॉप चोरीला गेला तर यंत्राचे पैसे जातात, ते परत येतील. त्यांची नावं कुणाच्या हाती पडता कामा नयेत. हे करायला अर्धा तास लागतो. विकत घेतला त्याच दिवशी करा, आणि पासवर्ड घरात कागदावर लिहून ठेवा.

एकच लॅपटॉप घरी पुरेल का? लॅपटॉप पुरेल, स्क्रीन पुरणार नाही. पहिला खर्डा मी कुठेही लिहितो, पण संपादन १२ इंचांवर करत नाही. छोट्या स्क्रीनवर एका वेळी परिच्छेद दिसतो, लेख दिसत नाही. कुठला भाग फुगला आहे, कुठली गोष्ट दोनदा आली आहे, हे तिथे कळत नाही. अंकाच्या जोडपानांची पीडीएफ तपासणं तर अशक्यच. घरी २२ किंवा २४ इंचांचा जुना मॉनिटर घ्या, शक्यतो उभा फिरवता येणारा. उभा केला की लेखाची दोन पानं एकाखाली एक दिसतात. बजेटमधले चार-पाच हजार त्यासाठी राखून ठेवा, लॅपटॉप ३० च्या आत बसवा.

हे मानेसाठीही आहे. छोट्या लॅपटॉपची स्क्रीन टेबलापासून जेमतेम वीत-दीड वीत उंच असते, मान खाली झुकते. एका वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात दिवाळी अंकांचे पाच लेख मी घरी बसूनही छोट्याच स्क्रीनवर संपवले, आणि दसऱ्याला उजवा खांदा वर उचलता येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सहा आठवडे व्यायाम दिले. तेव्हापासून घरी मॉनिटर डोळ्यांच्या पातळीला आणि समोर वेगळा कीबोर्ड. प्रवासात अर्ध्या तासाने उठायचं, हात डोक्यावर ताणायचे, चार पावलं टाकायची.

तुमचा शेवटचा प्रश्न: मैत्रिणीच्या लॅपटॉपला चार्जर लावला की मनगटाला मुंग्या येतात, तो बिघडलेला आहे का, आणि असा लॅपटॉप टाळावा का. बहुधा बिघाड नाही. वरचं आवरण धातूचं असेल आणि चार्जरची पिन दोन टोकांची असेल, किंवा भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसेल, तर चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह आवरणापर्यंत येतो. घाम आलेलं मनगट टेकलं की तो जाणवतो. जुन्या घरांत आणि तात्पुरत्या जोडण्यांवर अर्थिंग बऱ्याचदा नसतं, त्यामुळे फडावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात हे होऊ शकतं. तीन टोकांची पिन आणि अर्थिंग असलेलं सॉकेट मिळालं की मुंग्या थांबतात. दोन टोकांचा चार्जर असेल तर चार्जर काढून बॅटरीवर लिहा. मात्र नुसत्या मुंग्या न येता झटका बसत असेल, किंवा चार्जर चटका बसेल इतका तापत असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी बाजूला ठेवायला सांगा. स्वस्तातला, बिनानावाचा चार्जर असेल तर मुंग्यांचीही वाट पाहू नका. मैत्रिणीला आजच फोन करून विचारा की तो लॅपटॉपबरोबर आलेला आहे की नंतर कुठून घेतलेला.